रकाना

ग्रामपंचायतीनं पत्रा दिला, आठ बाय चार,
आणि एक यादी, कार्बनची, पुसट.
वर लिहायचं : आमच्या गावचे जवान.
खाली तीन रकाने.
वीरमरण. पदक. निवृत्त.

मी पेंटर. दोंडाईच्यापासून नरडाण्यापर्यंत
दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लग्नघरांच्या भिंती माझ्याच.
शुद्धलेखन चुकतं माझं,
ओळ वाकडी जात नाही.

यादीत एक नाव रकान्याबाहेर होतं,
समासात, पेन्सिलीनं :
हिलाल उखा बोरसे.
पुढं प्रश्नचिन्ह.

युद्धकैदी लिहू? मी सरपंचांना विचारलं.
गावाच्या तोंडावर 'कैदी' बरं दिसत नाही रे, ते म्हणाले,
निवृत्तमध्ये टाकून दे.

हिलालबाबा लिंबाखाली बसलेला, बिडी न पेटवता.
त्याला ऐकू गेलं.
असलं त्याला पूर्वीही ऐकू गेलं आहे.
बहात्तरच्या हिवाळ्यात पारावर एका शहाण्यानं विचारलं होतं,
हात वर केले तेव्हा बंदूक कुठं ठेवलीस?
गोळ्या संपल्या की ती काठीच असते, भाऊ, तो म्हणाला होता,
आणि काठी मी भोपालसिंगच्या मोडक्या पायाला बांधली होती.

एरवी तो तिकडचं एकच सांगतो, नावाचं.
चौकशीचा अधिकारी कागदावरून वर बघतच राहिला.
हिलाल? अरे, हे तर आमच्याकडचं नाव. चंद्राचं.
साहेब, आमच्या खानदेशात
गल्लीगल्लीत एक हिलाल निघतो.
मग ईदच्या आदल्या संध्याकाळी पहारेकरी गजांतून ओरडला,
ऊठ, तुझा भाऊ उगवलाय.
बराक हसली. त्या वर्षात दोनदा हसली, म्हणतो तो.
दुसऱ्यांदा कशाला, ते सांगत नाही.

घरात एक कार्ड आहे, कानबाईच्या नारळाशेजारी.
पाच ओळी, चौथी काळी केलेली.
बाकीच्या हिंदीत, ती एक अहिराणीत.
तपासणाऱ्याला वाटलं असेल, खुणेची भाषा.
गावानं तिच्यावर पैजा लावल्या :
तोफांचा आकडा, सुरुंगांची वाट.
मी विचारलं, बाबा, काळा रंग माझा धंदा आहे,
खाली काय होतं?
"तापीले पानी शे का, इतलंच."

तापीला नव्हतं.
तो नरडाण्याला उतरला तेव्हा दुष्काळ होता.
झेलाबाई खडी फोडत होती, पदराला सुकडीची पुडी.
कुणीतरी ओरडलं, हिलाल उना!
तिनं हातातला दगड आधी फोडला,
मग वर पाहिलं.

ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मी म्हणालो,
मग तुझं कुठं लिहू, बाबा?
"मनं ऱ्हाऊ दे. त्या दोन्हीसनं लिख."

भोपालसिंग. कुंजप्पन.
एक गढवालचा, एक केरळचा.
तिकडंच राहिले.
कुंजप्पनची भाषा बराकीत कुणालाच येत नव्हती,
शेवटी शेवटी तो तिच्यातच बोलायचा,
आणि हा शेजारी बसून हो, हो म्हणायचा.

'आमच्या गावचे जवान'
मी वर आधीच लिहून बसलो होतो,
पांढऱ्या ऑइलपेंटात, सावलीसकट.

समोर निवृत्तच्या खाली बोरसे आले, सातवे.
त्यांच्यापुढं दोन शब्द जास्तीचे घातले,
त्यांचे पैसे लावले नाहीत :
परत आले.

आणि मागच्या बाजूला, जिथं नुसता रेड ऑक्साइड मारतात,
जिथं बकऱ्या पाठ घासतात,
तिथं बारीक ब्रशनं दोन नावं.

आता रोज दिवेलागणीला म्हातारा
फलकाच्या मागं जातो,
उभा राहतो.
येणारे-जाणारे तोंड फिरवतात.
त्यांना वाटतं,
आडोशाला गेला असेल.